कर्ज मिटले, पण घर सुटले का?

बँकेचे कर्ज एकरकमी भरून मिटवले की घर आपोआप मोकळे होते, असे आपल्या कारखानदार आणि व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. त्या समजुतीपायी आमचे अकरा महिने गेले आणि घरात एक वाद होता होता राहिला. म्हणून हे लिहीत आहोत.

भिवंडीत आमचा ग्रे कापडाचा धंदा आणि बारा लूम. २०१४ साली एका सहकारी बँकेकडून आम्ही वीस लाखांचे कॅश क्रेडिट घेतले. तारण म्हणून राहत्या घराचे कागद ठेवले. घर मरहूम वालिदसाहेबांच्या नावचे. ते २०११ मध्ये वारले. वारस आम्ही दोघे भाऊ आणि धाकटी बहीण, म्हणून बँकेने तिघांच्या सह्या घेतल्या. बहिणीने कागद वाचलाही नाही. "भाईजान, कुठे सही करू?" एवढेच तिने विचारले.

पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत मजुरीला रोकड उरली नाही, जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला आणि पार्ट्यांकडची उधारी अडकली. उरलेसुरले २०२० च्या लॉकडाऊनने नेले. खाते थकले, बँकेने १०१ चा वसुली दाखला मिळवला, आणि व्याजासह आकडा सत्तावीस लाखांवर गेला.

जानेवारी २०२२ मध्ये तडजोडीची बोलणी झाली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बँक सूट देते ती आपली गरिबी पाहून नव्हे, तारणाची किंमत पाहून. आमच्या घराची किंमत त्या वेळी साठ लाखांच्या आसपास धरली गेली, म्हणजे लिलाव केला तरी बँकेचे पैसे वसूल होणार होते. मग ती जास्त का सोडेल? साडेएकवीस लाखांवर बोलणे थांबले, मुदत तीन महिने. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगून ठेवले आहे. तेव्हा मुदत चुकली असती तर हात बांधले गेले असते.

पैसे कोठून आणायचे? आमचे बंधू म्हणाले, वरचा मजला विकू. एका दलालाने खाजगी फायनान्स कंपनीचे नवे कर्ज त्याच घरावर सुचवले, म्हणजे विहिरीतून निघून खंदकात! मजला विकण्यातही एक अडचण आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. विक्रीचे सगळे पैसे बँकेला गेले तरी नफ्यावरचा कर सुटत नाही. स्वतः केलेल्या गहाणाची फेड नफ्यातून वजा होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ सालचा निर्णय आहे. हातात दमडी न येता कराची नोटीस येऊ शकते.

शेवटी लूम भंगाराच्या भावात गेले, त्याचे तीन लाख आले. माल आणि जुनी उधारी मिळून चार लाख. गोदामाचा गाळा विकून नऊ लाख. राहिलेले साडेपाच लाख नातलग आणि दोस्तांनी कर्जे-हसना म्हणून दिले, ते आम्ही अजून फेडत आहोत. एप्रिल २०२२ मध्ये बँकेची पावती हातात आली आणि आम्ही पेढे वाटले.

पेढे घाईचे झाले. कागद मागायला गेलो तर "हेड ऑफिसला आहेत". सात महिने हेच उत्तर. नोव्हेंबरमध्ये कागद मिळाले, तेव्हा मिळकत पत्रिका काढून पाहिली तर बँकेचा बोजा जसाच्या तसा. दुय्यम निबंधकाकडे २०१४ मध्ये गहाणाची सूचना नोंदवलेली होती, तीही कायम. बँकेचे बेबाकी पत्र घेऊन नगर भूमापन कार्यालयात खेटे घातले, तेव्हा मार्च २०२३ मध्ये बोजा कमी झाला. चूक आमचीही होती. तडजोडीच्या पत्रात कोणती खाती बंद होणार, कोणत्या मिळकती सुटणार, जामीनदार मोकळे होणार की नाही, १०१ ची वसुली कधी मागे घेणार, हे सगळे पैसे भरण्याआधी लिहून घ्यायला हवे होते. आमच्या पत्रात फक्त रक्कम आणि तारीख होती.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा एक आदेश आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मात्र हा आदेश वैयक्तिक कर्जांचा आहे, घरकर्ज त्यात येते. धंद्याच्या कॅश क्रेडिटला घर तारण ठेवले असेल तर याच आदेशावर विसंबून राहू नये, मुदत आपल्या पत्रातच घालून घ्यावी. आणि सिबिलच्या नोंदीत असे खाते 'बंद' नव्हे, 'सेटल्ड' दिसते. आम्हाला त्यानंतर सूतवाल्याने महिनाभर उधारी दिली नाही.

आता बहिणीची गोष्ट. कागद घरी आले त्या रात्री बंधूंनी हिशेब मांडला: साठातून साडेएकवीस गेले, राहिले साडेअडतीस, त्याचा पाचवा हिस्सा बहिणीचा, म्हणजे सात लाख सत्तर हजार. आम्ही म्हणालो, हा हिशेब चूक आहे. कर्ज वालिदसाहेबांचे असते तर आधी ते फेडून मग वाटणी झाली असती. हे कर्ज आपण दोघांनी आपल्या धंद्यासाठी केले. बहिणीने सही केली, पैसा वापरला नाही. तिचा हिस्सा पूर्ण साठ लाखांवर, म्हणजे बारा लाख. फरक चार लाख तीस हजारांचा. बंधू दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच वहीत बारा लिहिले.

बहीण म्हणाली, "राहू द्या भाईजान, मी हक्कसोड करून देते." आम्ही ते ऐकले नाही. हप्ते बांधून स्टॅम्प पेपरवर लिहून दिले आहे. चार लाख पोहोचले, आठ बाकी आहेत. ते पुरे होईपर्यंत मिळकत पत्रिकेवर तिचे नाव तसेच राहील.