राणीछाप रुपयाची किंमत कशी ओळखायची?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे अजूनही काही घरांत लक्ष्मीपूजनाला राणीछाप नाहीतर राजाछाप कलदार रुपया निघतो. अडचणीच्या वेळी तो मोडीत देण्याआधी एवढं नक्की बघा.

१) साल : हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम चांदी. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा! सराफाकडे चांदीच्या भावाने हिशोब होतो, म्हणून आधी साल वाचा.

२) दुर्मिळता : जुनं ते सगळंच महाग नसतं. १८६२ साल छापलेले व्हिक्टोरियाचे रुपये भरपूर सापडतात. १९३९ चा चांदीचा रुपया फारच दुर्मिळ, म्हणून त्याचे नकलीही निघतात.

३) सफाई : चिंच किंवा राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतात.

४) फसवणूक : "लाखो रुपये देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असं कमिशन घेत नाही; तसा इशारा बँकेने २०२१ मध्येच दिला आहे.

वर्गासाठी उपक्रम : १ रुपया = १६ आणे = ६४ पैसे. यावर मुलांकडून तोंडी गणितं करून घ्या आणि घरातल्या नाण्याची गोष्ट आजीला विचारून वहीत लिहायला सांगा. नाणं विकलं गेलं तरी ती गोष्ट घरात राहील.