जाड विणीची गंमत

क्रोशे येणाऱ्या हाताला ट्युनिशियन क्रोशेत सगळ्यात जड जातं ते टाका अर्धाच सोडणं. साखळी घालायची, तिच्या प्रत्येक घरातून एकेक फास ओढायचा आणि तो सुईवरच ठेवायचा. ओळ संपेपर्यंत सुई फासांनी भरून जाते. म्हणून ही सुई चांगली फूटभर लांब असते आणि मागच्या टोकाला फास निसटू नयेत म्हणून बोंडी असते. मग काम न उलटता परत यायचं. दोरा आधी एका फासातून, नंतर दरवेळी दोन-दोन फासांतून ओढत गेलं की शेवटी सुईवर एकच फास उरतो. जाणं-येणं मिळून एक ओळ. पुढच्या ओळीला समोर उभ्या दांड्या दिसतात, त्यांतून सुई घालून पुन्हा फास उचलायचे. पहिली दांडी सोडायची, कारण सुईवरचा फास हाच पहिला टाका. थेरेझ द दिल्मों यांच्या 1886 सालच्या हस्तकलेच्या कोशातही मूळ रीत हीच आहे.

आमच्या घरी क्रोशे म्हणजे जाळी. तोरण, फुलदाणीखालचा रुमाल, बाळाचं टोपडं. ही वीण त्यातली नव्हे. ती भरीव, जाड आणि दोरा भरपूर खाणारी. म्हणूनच मला ती स्वयंपाकघरात शोभते. कुकरखालचं आसन, तवा उचलायचा रुमाल, चहाच्या किटलीची टोपी, अशा वस्तूंत जाडी हाच गुण. 8 प्लायचा सुती दोरा आणि 5.5 मिलिमीटरची सुई घेऊन 30 टाके घातले, तर साधारण 17 सेंटीमीटर रुंदीचा चौकोन होतो. दोरा मात्र सुतीच हवा. लोकरीच्या दुकानांत अ‍ॅक्रिलिकच जास्त दिसतं, पण तापलेल्या तव्याला ते लागलं की वितळतं. सुती रुमालही ओला असेल तर वापरू नका, पाण्यातून चटका लगेच हाताला पोचतो.

चौकोन सुरुवातीपासून वळकटीसारखा गुंडाळू लागेल. परतीच्या साखळ्या मागच्या अंगाला बसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. त्यावर उपाय आहेत. नेहमीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जाड सुई घ्यावी, हात सैल ठेवावा, पहिल्या दोन-तीन ओळी उलट्या टाक्याच्या घालाव्यात. उलट्या टाक्यात दोरा पुढे आणून फास उचलतात, एवढाच फरक. शेवटी काम ओलं करून टाचण्यांनी चौकोनी ताणून वाळवलं की ते सपाट होतं.

मला यातलं सर्वांत आवडतं ते नंतरचं काम. साध्या टाक्यांचे ओळीत बसलेले बारीक चौकोन म्हणजे आयती दुसुतीच, त्यावर फुलीटाका मोजून भरता येतो. मी पांढऱ्या आसनावर लाल दोऱ्यानं कुयऱ्या भरते. भरण्याआधी लाल दोऱ्याची लड वेगळी, थंड पाण्यात भिजवून घ्यावी. गडद सुती रंग पहिल्या पाण्यात बराच उतरतो.