म्हसवडचा तोंडी हिशेब

सातारा जिल्ह्यांतील म्हसवड हें दुष्काळी माणदेशांतलें गांव. तेथील स्त्रियांनीं स्वतःची बँक काढावयाचें ठरविलें, तेव्हां सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनें परवाना नाकारिला. त्यांनीं अक्षरें गिरविलीं, आणि कांहीं महिन्यांनीं पुनः अधिकाऱ्यांपुढें जाऊन मुद्दलावरील व्याज तोंडी काढून दाखविण्याची तयारी दर्शविली! श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. भाजीवालीनें विक्री बुडवून बँकेंत यावें कसें? म्हणून बँकच तिच्या दारीं जाऊं लागली. ही युक्ति आम्हांस कर्जाहूनहि मोलाची वाटते. १०० रुपयांवर रोज १ रुपया व्याज हलकें भासतें. वर्षाचे ते ३६५ होतात. एवढें गणित जिला उमगलें, ती तोच पैसा भाजीच्या दुसऱ्या टोपलींत घालते.