चुलीची माती, भिंतीचा चुना

गावाकडच्या घरात, नाहीतर हल्ली शेतघराच्या पडवीत, हौसेने चूल घातली जाते. विटा रचून झाल्या की गवंडी विचारतो, "वरून सिमेंटच मारायचं ना?" आपण मान डोलावतो. सिमेंट म्हणजे मजबूत, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काही दिवस चूल छान दिसते. मग तोंडाजवळ केसासारख्या भेगा पडतात, आणि एक पावसाळा उलटला की नुसतं बोट लावलं तरी थराचा भुगा होतो. माल कमी पडला असं समजून पुढच्या वेळी सिमेंट वाढवलं जातं. भेगाही वाढतात.

इथे चूक मालाच्या निवडीत आहे. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाणी स्वतःत बांधून घेऊन घट्ट होतं. धग लागली की हे बांधलेलं पाणी सुटू लागतं. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सिमेंटमधल्या विरलेल्या चुन्याचा पुन्हा कळीचा चुना होतो. त्यात वाळूतल्या गारेचे कण ५७३ अंशांवर स्फटिकाची रचना बदलतात आणि फुगतात. भोवतालचा सिमेंटचा लगदा आकसत असतो आणि वाळू त्याला आतून रेटत असते. एवढ्यावरही थांबत नाही. चूल थंड झाली की तयार झालेली चुनकळी हवेतला दमटपणा पिते आणि फुगते. न पेटवलेली चूल पावसाळ्यात आपोआप का ढासळते, याचं एक उत्तर हे आहे.

मातीचा स्वभाव याच्या उलट आहे. तिचा सगळा त्रास सुरुवातीलाच, सुकताना होतो. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि मधल्या पाण्यामुळे एकमेकांवर घसरतात. पाणी उडालं की ते जवळ येतात आणि थर आकसतो. काळ्या मातीत हे इतकं होतं की उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात जातो. म्हणून ती चुलीला नको. तांबडी किंवा वारुळाची माती घ्यावी आणि तिला सांगाडा द्यावा. कुणी वाळू घालतं, कुणी राख. माझा कौल जुन्या कौलांच्या कुटलेल्या भुग्याला. तो एकदा भट्टीतून भाजून निघालेला असतो, पुन्हा तापला तरी फारसा हलत नाही.

मग भाताचं तूस, शेण किंवा घोड्याची लीद. तंतूंनी माती धरून ठेवली जाते. आगीजवळचं तूस जळून जातं आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. पुढे सरकणारी भेग अशा पोकळीशी येऊन थांबते, शिवाय त्यातली हवा उष्णता अडवते. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मातीच्या कणांच्या रचनेतलं पाणीही निघून जातं. पुढे कितीही भिजवलं तरी ती परत चिखल होत नाही. म्हणजे चूल आतल्या बाजूने स्वतःला भाजत जाते आणि बाहेरून कच्चीच राहते. रोज सकाळी फिरणाऱ्या पोतेऱ्याने त्या कच्च्या अंगावरच्या नव्या भेगा त्याच दिवशी बुजायच्या. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केलं, त्यांना मालाचं प्रमाण बोटांनी कळत होतं. ते ज्ञान आपण नोंदवून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मातीत तंतू मिसळण्याची युक्ती किती जुनी आहे, हे वेरूळला दिसतं. तिथल्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, असं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं.

आता भिंत. इथे माल कालवण्याआधी वाळू बघायची. कोरड्या वाळूने भरलेल्या भांड्यात मापाने पाणी ओतत जा. वाळूच्या वर दिसेपर्यंत भांड्याच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी मुरतं. कणांमधली पोकळी तेवढी असते, आणि ती भरेल इतकाच चुना लागतो. एकास तीन हे प्रमाण आलं ते इथून. चुना वाढवला तर गिलावा आकसून तडकतो, कमी पडला तर वाळू झडते. लहान-मोठे कण मिसळलेली, हातात चुरचुरणारी वाळू उत्तम. त्यात पोकळी कमी, म्हणून चुनाही कमी लागतो.

चुन्याचा प्रवास मोठा सुंदर आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळी उरते. ती पाण्यात सोडली की खदखदते, विरते. भिंतीवर लावल्यावर हाच चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. पण अगदी सावकाश. ढोबळ हिशेब महिन्याला एक मिलिमीटरचा, म्हणून एक इंच थर आतपर्यंत पिकायला दोन वर्षं सहज जातात. यासाठी थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर काही दिवस ओला राखायचा. कोरड्या ठणठणीत चुन्याला हवेतला वायू घेता येत नाही. घाई असेल, किंवा जागा ओलीची असेल, तर सुरखी घालावी. भाजक्या विटेच्या त्या भुकटीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि माल पाण्याखालीही घट्ट होतो.

पण जुन्या भिंतीवर सिमेंट का नको? मातीची, जांभ्याची किंवा चुन्यात बांधलेली विटांची भिंत जमिनीतून ओल ओढत असते. चुन्यातून ती वाफ होऊन निघून जाते. घट्ट सिमेंटच्या थरामागे ती कोंडते, क्षारांचे स्फटिक आतच वाढतात, लोणा धरतो आणि प्लास्टरचे पोपडे निघताना भिंतीचा पृष्ठभागही सोबत घेऊन जातात. गिलावा भिंतीपेक्षा नेहमी मऊ असायला हवा. झिजायचं त्याने, भिंतीने नव्हे.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण जुन्या गोव्यात आहे. १६०५ साली पुरी झालेली बॉम जेझू बॅसिलिका आज उघड्या तांबड्या जांभ्याची दिसते आणि पर्यटकांना तेच तिचं मूळ रूप वाटतं. प्रत्यक्षात तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात उतरवला गेला. जांभा सच्छिद्र, आणि गोव्याचा पाऊस वर्षाला तीन मीटरच्या घरात. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट दगडावर कोसळतो आहे.

तुमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीआधी एक प्रयोग करून बघा. पडलेल्या गिलाव्याचा तुकडा कुटा, वजन करा आणि काचेच्या पेल्यात व्हिनेगर ओतून दोन-तीन दिवस ठेवा. बुडबुडे येतात: वर्षानुवर्षे हवेतून घेतलेला वायू चुना परत सोडत असतो. बुडबुडे थांबले की ताजं व्हिनेगर घाला, आणि त्यानेही काही होईनासं झालं की तळाचा गाळ धुऊन, वाळवून पुन्हा तोला. जे वजन घटलं ते मुख्यतः चुन्याचं. (समुद्राकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.) उरलेली वाळू भिंगाखाली धरा. तिच्यात तांबडे कण चमकले, तर त्या घराच्या गवंड्याने सुरखी घातली होती.