पाट्याचा कोयता

नवा कोयता हातात घेतला की धारेआधी वजन जाणवतं. मूठ धरताच पातं पुढे झुकतं, चोचीकडे ओढ घेतं. फांदी तोडताना मनगटाने जोर करावा लागत नाही. हात वळवला की पुढचा भार उरलेलं काम करतो. चोच बाकदार असल्याने फांदी निसटत नाही, उलट धारेवर आत ओढली जाते. इतकी साधी वस्तू, आणि इतका विचार!

मुलुंडमध्ये रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी लोहार कुटुंबाकडून मी तो घेतला. ‘‘पाट्याचा आहे,’’ तिथल्या मावशींनी एवढीच हमी दिली, आणि ती पुरेशी होती. पाटा म्हणजे ट्रकच्या चाकांवर बसवलेल्या कमानीतली पट्टी. मुलुंडकरांना ट्रकची ओळख करून द्यायला नको. १ जुलै २०१७ला जीएसटी येऊन जकात जाईपर्यंत इथल्या नाक्यांवर त्यांच्या रांगा लागत. पाटा तुटला की भंगारात जातो, आणि भंगारातून लोहाराच्या भट्टीत. लोहार पाटाच निवडतो, कारण साध्या सळईत कार्बन फार कमी असतो, तर पाट्याच्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के. शंभर किलोंत जेमतेम अर्धा किलो! सगळी धार त्या अर्ध्या किलोवर उभी आहे.

ती कशी, हे समजल्यापासून या पात्याकडे बघताना माझा जीव हरखतो. गार लोखंडाचे अणू घनाकृती चौकटीत बसलेले असतात: आठ कोपऱ्यांवर आठ, मधोमध एक. त्यांच्यामध्ये कार्बनला शिरायला जागा जवळजवळ नाहीच. पण पोलाद ७३० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू लागलं की चौकटच बदलते. अणू कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर जाऊन बसतात, पोकळ्या मोठ्या होतात आणि कार्बन त्यांत विरघळतो. बाहेरून काय दिसतं? ऐरणीवर पडलेली एक लालभडक पट्टी. वितळलेलं काहीच नाही, तरी आत सगळी वस्ती हललेली असते.

ही पट्टी सावकाश निवू दिली, तर कार्बन हळूहळू वेगळा होतो, चौकट पूर्ववत होते आणि पोलाद मऊ राहतं. लोहार ती सवड देत नाही. पातं लाल असतानाच तो धारेला पाणी पाजतो. लोखंडाला जुन्या चौकटीत परतायचं असतं, कार्बनला मात्र निघायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, चौकट एका अंगाने ताणली जाते आणि अशा ताणलेल्या चौकटीतले थर एकमेकांवरून सहजी सरकत नाहीत. धारेचा कठीणपणा तो हाच. या रचनेला जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून मार्टेन्साइट म्हणतात. काही पोलादांत ती सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने पसरताना मोजली गेली आहे. ‘चर्र’ आवाज कानावर पडतो, तोवर आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

पण नुसतं पाणी पाजलेलं पातं ठिसूळ असतं, दगडावर आपटलं तर टवका उडेल. म्हणून ते पुन्हा थोडं तापवतात, आणि तेव्हा घासलेल्या पात्यावर रंग चढू लागतात: २२० अंशांच्या सुमारास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात डबक्यावर पेट्रोलचा तवंग रंगतो, तोही याच कारणाने. थर जाड होत जातो तसा रंग पालटतो, म्हणून ज्याच्याकडे तापमापक नाही त्यालाही तापमान डोळ्यांनी वाचता येतं. भट्टीवर सावली हवी असते तीही त्यासाठीच, कारण भर उन्हात तापल्या लोखंडाची लाली नीट ओळखू येत नाही.

आपल्याकडे लोखंडाची ही विद्या फार जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची.

मुलुंडच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि कमरेच्या आकडीला कोयता अडकवून तिकडे निघावंसं वाटणं साहजिक आहे. तसं करू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते, आणि परवानगीशिवाय ती उद्यानात नेता येत नाही. बिबट्यांच्या घरात आपण हत्याराविना जावं, हे मला मनापासून पटतं. कोयत्याला कामं इतरत्र भरपूर आहेत: गावाकडचं कुंपण, सरपण, नारळ.

घरी आणल्यावर मी त्यावर कानस चालवून पाहिली. धारेजवळ ती जेमतेम खरवडते, करकरते. पाठीवर ठेवली तर लगेच चावते आणि भुगा पडतो. पट्टी एकच, पण लोहाराने पाणी फक्त धारेला पाजलेलं. पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली. त्यामुळे नारळावर घाव बसला की धार शाबूत राहते आणि हादरा पाठ सोसते.