माजघरातला अंधार घालवायचाय? आधी छप्पर कसले आहे ते बघा

बेळगाव : शहापूर, वडगाव, खासबाग भागातली बरीच जुनी घरे पुढून अरुंद आणि आत लांबलचक. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. माजघरात भर दुपारीही बल्ब लागतो. लाईट गेली की म्हाताऱ्या माणसांना उंबरा दिसत नाही. अशा घरात उजेड वरूनच घ्यावा लागतो. पण कौलांचा आणि स्लॅबचा हिशेब वेगळा आहे.

कौलारू घर असेल तर

काम स्वस्त आणि थोड्या वेळाचे. मंगळुरी कौलाच्या आकाराचे काचेचे कौल मिळते. जुने कौल काढून त्या जागी ते बसवायचे. वासे, रिपा कापाव्या लागत नाहीत. मात्र सगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा सारख्या नसतात. दुकानात जाताना घरचे एक कौल बरोबर न्यावे. खाच जुळली नाही तर पाणी तिथूनच आत येणार.

शक्यतो उत्तरेकडचा उतार निवडावा. दक्षिण उतारावर वर्षातला बराच काळ थेट ऊन येते आणि खोली तापते. आधी दोन-तीन कौले बसवून बघावीत, कमी वाटली तर वाढवता येतात. खाली माळा असेल तर तिथेही तेवढी जागा मोकळी करावी लागते.

स्लॅब असेल तर

इथे घाई नको. स्लॅबची ताकद आतल्या सळ्यांत असते. ‘दोन बाय दोनचे भोक पाडून देतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला होकार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. भोक कुठे, केवढे आणि कडेला जादा आधार किती, हे त्याने ठरवायचे. बीमला हात लावायचा नाही. सळ्या गंजून पोपडे पडत असतील तर हा नाद सोडलेला बरा.

गळती बहुतेक वेळा काचेतून नाही, कडेने होते. म्हणून भोकाभोवती सहा इंच तरी उंच कठडा घ्यावा आणि वॉटरप्रूफिंग त्यावर चढवावे. काच थोडी उतरती, कठड्याच्या बाहेर आलेली हवी. ती लॅमिनेटेडच घ्यावी. फुटली तरी तुकडे सहसा खाली पडत नाहीत. पॉलिकार्बोनेट शीट स्वस्त पडते, पण यूव्ही थराची बाजू वर हवी, नाहीतर लवकर पिवळी पडते. खाली लोखंडी जाळी लावावी.

छप्पर भाऊबंदांत सामाईक असेल तर त्यांची संमती आधीच लेखी घ्यावी. काम पाडव्यानंतर, वळीव सुरू व्हायच्या आत उरकावे आणि वरून बादलीभर पाणी ओतून बघितल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नये.