घर आणि पाणी (लेखांक ६) : कारंज्याचा कोरडा दिवस

कारंजं घरात कुठे ठेवायचं आणि त्याची धार दाराकडे न जाता घरात आत का यावी, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. जागा एकदा ठरली की ठरली. रोजचं काम त्यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेच बहुतेक घरांत राहून जातं.

हे सगळं फेंगशुईतलं. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. गुओ पू (२७६-३२४) या चिनी पंडिताच्या नावावर असलेल्या ‘त्सांगशू’ ग्रंथात या विद्येचं मूळ सूत्र सापडतं : ‘ची’ ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून पाण्याला एवढं मोल. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत तर पैशालाच ‘पाणी’ म्हणतात. पण साचून कुजलेलं पाणी हीच परंपरा अशुभ मानते. शेवाळलेलं कारंजं असण्यापेक्षा नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारंजं घरघरायला लागलं की प्लग काढा आणि पंप उघडून पाहा. पुढची जाळी काढली की आत बोटाच्या पेराएवढं चाक दिसतं. त्याला केस गुंडाळलेले असतात, पात्यांवर बुळबुळीत थर बसलेला असतो. जुन्या टूथब्रशने तो निघतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा खर चढला असेल, तर चाक थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं. पंप उघडा पडून कोरडा चालला तर जळतो. रोज तांब्याभर पाण्याची भर घाला.

नुसतं पाणी बदलून मात्र भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपल्याकडे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो याच हिशेबाने. त्या दिवशी कारंजं रिकामं करून कडा काथ्याने खरवडून घासा.

आता मासे. आठ लाल-सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश शुभ मानतात. पण गोल्डफिश फार घाण करतो. लहानशा काचेच्या भांड्यात नऊ मासे कोंबले, तर पाण्यात अमोनिया साठून ते मरतात. मासा मेला की त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं, असं म्हणतात. मी मात्र आधी पाणी तपासायला सांगेन. जागा कमी असेल तर मासे ठेवूच नका. मोठी टाकी असेल, तर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, तेही क्लोरीन घालवून.

आणि चार दिवस गावाला जाणार असाल, तर कारंजं रिकामं करा, पुसा आणि उपडं ठेवूनच कुलूप लावा.